घरी अधूनमधून वापरायला कॉर्डलेस जिगसॉ कोणती घ्यावी?

इंदिरानगरी
नमस्कार मंडळी. घरासाठी कॉर्डलेस जिगसॉ, म्हणजे पाते वर-खाली करून कापणारी बॅटरीवरची करवत, घ्यायची आहे. वर्षातून आठ-दहा वेळा लागेल, त्याहून जास्त नाही. कामे ठरलेली आहेत. फडताळाचे कप्पे १२ एमएम प्लायमधून कापायचे, गणपतीच्या मखराला ६ एमएम एमडीएफच्या कमानी, सनमायका लावलेल्या १८ एमएमच्या टेबलाला वायरींसाठी खाच आणि कधीतरी पीव्हीसी पाइप किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. काम गच्चीवर होणार आणि तिथे प्लग पॉइंट नाही, म्हणून कॉर्डलेस. १८ व्होल्टचा ड्रिल घरात आहे, त्याची २ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) एक बॅटरी आहे.

प्रश्न तीन. १२ व्होल्ट पुरेल की १८ हवी? ब्रशलेससाठी (मोटरमध्ये कार्बन ब्रश नसलेले मशीन) जास्त पैसे मोजावेत का? आणि खोक्यावर 'पेंड्युलम' किंवा 'ऑर्बिटल' लिहिलेले असते, त्याचा घरगुती कामात उपयोग काय?

अंबड_वर्कशॉप
पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या ड्रिलच्या बॅटरीवर लिहिलेले आहे. जी बॅटरी घरात आहे तिलाच बसणारी जिगसॉ घ्या, बाकीचे नंतर बघू. बॅटरी आणि चार्जरशिवायचे नुसते मशीन मिळते, त्याला दुकानात 'बेअर टूल' किंवा 'सोलो' म्हणतात. कॉर्डलेसच्या किमतीत बॅटरी-चार्जरचा वाटा मोठा असतो, तो वाचतो.

मात्र कंपनी एक म्हणजे बॅटरी एक, असे समजू नका. बॉशची हिरवी १८ व्होल्टची बॅटरी निळ्या प्रोफेशनल मशीनला बसत नाही, निळी हिरव्याला बसत नाही. मकिताची एलएक्सटी वेगळी आणि स्वस्त मालिकेतली जी-सिरीज वेगळी, दोन्हींवर १८ व्होल्टच छापलेले असते. दुकानात जाताना ड्रिलची बॅटरी खिशात घालून न्या, मशीनला सरकवून बघा. सरकली आणि खटका बसला तरच पुढचे बोलणे.

व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. भार नसताना तेच सेल चार-चार व्होल्ट दाखवतात म्हणून कोणी २० छापतो, पूर्ण चार्जला ४.२ होतात म्हणून कोणी २१ छापतो. वस्तू एकच. १२ व्होल्टचेही तसेच, आत तीन सेल म्हणजे प्रत्यक्षात १०.८. आणि तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर ४८ किंवा ८८ छापलेले दिसले तर ते मशीन खाली ठेवा.

पंचवटीकर
अंबडदादांचे बॅटरीचे म्हणणे बरोबर, पण मी मुळातच वेगळे सांगतो. वर्षातून आठ-दहा वेळा लागणाऱ्या मशीनला बॅटरी कशाला? वायरची ४५० ते ७०० वॅटची जिगसॉ दहा वर्षे कपाटात पडून राहिली तरी प्लग लावल्यावर पहिल्या दिवसासारखी चालते. लिथियमची बॅटरी वापरा किंवा ठेवून द्या, वयाने उतरतेच.

गच्चीवर प्लग नाही हे कारण पटत नाही. १.५ चौरस एमएमची तीन तारांची, अर्थिंगवाली पंधरा-वीस मीटर एक्स्टेन्शन जिन्यातून वर नेता येते. रीळ असेल तर पूर्ण सोडा, गुंडाळलेली वायर भाराखाली तापते. आणि वायरचे मशीन घरच्या साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालवू नका, मोटर गुणगुणते आणि तापते. दिवे गेले तर थांबा.

इंदिरानगरी
काका, जिन्यातून वायर म्हणजे चार बिऱ्हाडांच्या पायात येणार. तेवढ्यासाठी कॉर्डलेसच. बाकी मुद्दा कळला.

गुण्या_ओळंबा
काका आणि दादा दोघेही मशीनबद्दल बोलताहेत, मी पात्याबद्दल बोलते. कारण जिगसॉने काप वाईट आला तर बहुतेक वेळा दोष पात्याचा किंवा ते चालवण्याच्या पद्धतीचा असतो.

या मशीनचा जन्मच शिवणयंत्रातून झाला. स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीत अल्बर्ट काउफमान यांनी १९४६ साली शिवणयंत्राची सुई काढून तिथे करवतीचे पाते बसवले. पुढच्या वर्षी कंपनीने 'लेस्टो' नावाने हातात धरायचे मशीन बाजारात आणले. ही सुई डोळ्यासमोर ठेवलीत तर जिगसॉची सगळी खोड समजते. पाते फक्त वरून धरलेले आहे, खालचे टोक मोकळे. मागे एक छोटी चाकी त्याला टेकू देते, तीही लाकडाच्या वर. लाकडाच्या आत पात्याला आधार कोणाचाच नाही.

म्हणून जाड लाकडात वळण घेताना किंवा मागून जोर लावला की खालचे टोक बाजूला पळते. वरची रेघ अगदी बरोबर दिसते, उलटून बघितले तर खालची कड दोन-तीन एमएम आत किंवा बाहेर. नवे मशीन घेऊन हे जात नाही. धारदार पाते, हलका हात आणि जाडीप्रमाणे दाते, या तीन गोष्टींनी जाते. भुसा एकसारखा पडतोय तोवर मशीन आपल्या गतीने चालू द्या. ढकलावे लागतेय असे वाटले तर पाते बोथट झाले आहे.

पेंड्युलमचे उत्तर: पाते वर-खाली होताना थोडे पुढे-मागेही झुलते. वर येताना लाकडावर दाबले जाते, खाली जाताना मागे सरते. त्याने काप भराभर होतो आणि भुसा बाहेर पडतो, पण कड फाटते. खटक्यावर ० ते ३ असते. सरळ, जाड, कड लपणार असेल तर २ किंवा ३. प्लायचा दिसणारा काप असेल तर ० किंवा फार तर १. वळणे, सनमायका, धातू, ॲक्रिलिक यांना ०. घरगुती कामात बहुतेक वेळ ० वरच जातो, पण मशीनवर हा खटका हवाच. १८ एमएमचे आठ फूट ० वर कापत बसलात तर बॅटरीही संपते आणि पातेही जळते.

सिडको_फर्निचर
एवढे कशाला? आपल्याकडचे सगळे सुतार चार इंची मार्बल कटरला लाकडाचे ब्लेड लावून प्लाय कापतात. रेघ सरळ येते, पाच मिनिटांत शीट मोकळी.

अंबड_वर्कशॉप
सिडको भाऊ, सरळ कापाबद्दल तुमचे खरे आहे, गोल पात्याइतका सरळ काप जिगसॉ देणार नाही. पण नवख्या माणसाला हा सल्ला देऊ नका, कळकळीने सांगतो. मार्बल कटर मिनिटाला १२-१३ हजार फेरे घेतो, तो दगडाच्या डायमंड ब्लेडसाठी बनवलेला आहे. लाकडाच्या ब्लेडला दाते असतात. प्लायचे दोन भाग मधे दबून ब्लेडवर आवळले की दाते अडकतात आणि मशीन उसळून धरणाऱ्याकडे येते. लाकडाच्या सर्क्युलर सॉला खालून आपोआप मिटणारे कव्हर असते, इथे ते नसते. सुताराचा हात वर्षानुवर्षांचा असतो. वर्षातून आठ वेळा मशीन धरणाऱ्याचा नसतो.

शिवाय कमानी त्याने होणार नाहीत आणि खाचेचे कोपरे गोल ब्लेडने पूर्ण कापले जात नाहीत. इंदिरानगरींच्या यादीतली अर्धी कामे तिथेच अडली.

पंचवटीकर
याला शंभर टक्के अनुमोदन. आठ फुटांचे सरळ काप प्लायच्या दुकानातच पॅनेल सॉवर मारून घ्या. सोय असेल तिथे मापाची यादी दिली की कापून देतात. शीट घरी आणणेही सोपे होते, आठ बाय चारची पूर्ण शीट रिक्षात मावत नाही. जिगसॉ वळणांसाठी आणि खाचांसाठी ठेवा.

इंदिरानगरी
हे आवडले. कप्पे दुकानातून कापून आणायचे, म्हणजे मशीनकडून अपेक्षा कमी झाली. आता पात्यांचे सांगा. दुकानात टी-१०१, टी-१४४, टी-११८ अशी पाकिटे लटकलेली असतात. कोणती उचलायची?

गुण्या_ओळंबा
हा कोड एकदा कळला की आयुष्यभर पुरतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला 'टी' म्हणजे पात्याच्या मशीनमध्ये बसणाऱ्या शेंड्याचा आकार, दोन कानांचा टी-शँक. आता जवळपास सगळी मशीन हेच घेतात. जुना यू-शँक प्रकार अर्धगोल खाचेचा असतो, त्याला स्क्रू आवळावा लागतो. नवे मशीन यू-शँकचे घेऊ नका. टीनंतरचा पहिला आकडा लांबी सांगतो: १ म्हणजे आखूड, ३ म्हणजे लांब. आकड्यांनंतरचे अक्षर दात्यांचे: ए बारीक, बी मध्यम, सी भरड, डी खूप भरड. पुढे 'ओ' आला तर पाते अरुंद, वळणांसाठी. 'आर' म्हणजे दाते उलटे. 'एफ' म्हणजे बायमेटल, लवचिक आणि टिकाऊ. 'एचएम' म्हणजे कार्बाइड.

आता तुमच्या कामांना लावून बघू. प्लाय आणि लाकडाचा स्वच्छ काप म्हणजे टी-१०१-बी. दात्यांमधले अंतर २.५ एमएम, साधारण ३० एमएम जाडीपर्यंत चालते, घरातले निम्मे काम याच्यावर होते. मखराच्या कमानी म्हणजे टी-१०१-एओ, बारीक आणि अरुंद, १५ एमएमपर्यंत. याला पेंड्युलम कधीही लावू नका, वाकते किंवा तुटते. सनमायकाला टी-१०१-बीआर. जाड लाकूड भराभर तोडायचे असेल तर टी-१४४-डी, कड फाटणार हे धरून. लोखंडी पत्र्याला टी-११८-ए, ॲल्युमिनियमला टी-१२७-डी.

धातूचा एक नियम लक्षात ठेवा: कापाच्या जाडीत किमान दोन-तीन दाते एकाच वेळी टेकलेले हवेत. पातळ पत्र्यावर भरड दाते नेले तर एकेक दाता पत्र्यात अडकतो, पत्रा थडथडतो आणि दाते मोडतात. खाली जुन्या प्लायचा तुकडा ठेवून दोन्ही एकत्र कापले की पत्रा शांत राहतो.

गंगापूररोड
उलट्या दात्यांचे जरा समजावून सांगा ना. सगळी पाती सनमायका उडवतात का?

गुण्या_ओळंबा
साधे पाते वर येताना कापते. म्हणजे वरची बाजू उचकटते, खालची स्वच्छ राहते. म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चांगली बाजू खाली ठेवून मागच्या बाजूने रेघ मारून कापायचे. टेबल जागेवर असेल, उलटे करता येत नसेल, तर उलटे दाते. ते खाली जाताना कापतात, त्यामुळे वरचा सनमायका शाबूत राहतो. पण मग मशीन वर उसळू बघते. दोन्ही हातांनी बेस (मशीनचा लाकडावर टेकणारा तळ) घट्ट दाबून ठेवावा लागतो, गती मध्यम, पेंड्युलम ०.

खाचेची कृती देते. रेघेवर मास्किंग टेप लावा आणि टेपवर पेन्सिलीने आखा. बेसचा पत्रा जिथून सरकणार तिथेही टेप लावा, नाहीतर सनमायकावर चरे पडतात. खाच कडेपासून आत असेल तर चारही कोपऱ्यांत रेघेच्या आतून १० एमएमचे भोक पाडा, पाते त्यात सहज उतरते. ड्रिल आरपार मारताना खाली फळी दाबून धरा, म्हणजे खालच्या कपच्या उडत नाहीत. मग भोकापासून भोकापर्यंत कापा. शेवटची बाजू कापताना आतला तुकडा खालून धरायला कोणीतरी हवे. तो स्वतःच्या वजनाने तुटला की कोपऱ्यातली सनमायकाची पट्टी सोबत नेतो.

बऱ्याच मशीनबरोबर बेसच्या फटीत बसवायचा प्लॅस्टिकचा तुकडा येतो. तो पात्याला दोन्ही बाजूंनी चिकटून राहतो आणि कड दाबून ठेवतो. तो खोक्यातच पडून राहतो, लोक बसवतच नाहीत. मशीन घेतल्याबरोबर शोधा. तिरका काप घेताना मात्र काढून ठेवा.

सिडको_फर्निचर
वायरींसाठी गोल भोक हवे असेल तर जिगसॉ कशाला, ६० एमएमचा होल सॉ ड्रिलला लावा. वरून प्लॅस्टिकची टोपी बसते, कड दिसतही नाही.

इंदिरानगरी
अरे हो! ड्रिल आहेच. हे डोक्यात नव्हते. पण माझी खाच भिंतीकडच्या कडेला, चौकोनी आहे, पाच-सहा प्लग एकदम जायला हवेत. तिथे जिगसॉच लागेल.

मखर_मंडप
कमानीबद्दल माझ्याकडून. थर्मोकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली तेव्हापासून एमडीएफ आणि प्लायची मखरे वाढली आहेत, म्हणून हा भाग नीट लिहिते.

कमानीची अर्धीच बाजू जाड कागदावर काढा, कागद दुमडून कापा, म्हणजे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. पुढची आणि मागची कमान सारखी हवी असेल तर ६ एमएमच्या दोन शीट दुहेरी टेपने एकमेकींना चिकटवा आणि एकदमच कापा. १२ एमएम जाडी होते, टी-१०१-एओला ती झेपते आणि थरथरही कमी होते. नुसती ६ एमएमची शीट कडेला लोंबकळत ठेवून कापली तर ती पात्याबरोबर वर-खाली नाचते. रेघेपासून दोन-तीन इंचांवर आधार हवा. दोन टेबलांमधे फट ठेवून ती फट रेघेखाली आणत राहा.

महिरपीच्या टोकदार कोनात पाते वळवायला जाऊ नका. आधी बाहेरच्या टाकाऊ भागातून कोनापर्यंत सरळ छेद द्या, मग दोन्ही बाजूंनी वळण कापत कोनाला या. तुकडा आपोआप गळून पडतो. घट्ट वळणात आधी वळणाच्या रेघेवर काटकोनात बोटभर अंतराने छेद द्या, मग पाते फिरवा. रेघेच्या बाहेर एक एमएम राखून कापा आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेघेवर आणा.

भाद्रपद म्हणजे पाऊस. एमडीएफची कापलेली कड ओल पिते आणि फुगते, मग रंग लावला तरी कड केसाळ दिसते. कापल्याच्या दिवशीच कडांना पातळ केलेला फेविकॉल किंवा वुड प्रायमर लावा, वाळल्यावर घासा, पुन्हा एक हात द्या. आणि एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो, तोंडाला नीट बसणारा एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच. गच्चीवर वारा पाठीशी घेऊन उभे राहा.

द्राक्षबाग_दिंडोरी
माझा प्रश्न धाग्याच्या जवळचाच आहे. बांबू आणि मांडवाचे लोखंडी अँगल या मशीनने कापले जातील का? बागेत वीज असते-नसते.

अंबड_वर्कशॉप
अँगल कापता येतो, पण तो त्याचा धंदा नाही. ५ एमएम जाडीच्या अँगलला जिगसॉने बराच वेळ लागतो आणि पाती संपतात. बॅटरीचा चार इंची अँगल ग्राइंडर घ्या, १ एमएमची कटिंग डिस्क, गॉगल, आणि ठिणग्या वाळलेल्या पाचोळ्याकडे जाणार नाहीत अशी उभे राहायची जागा. ग्राइंडरची बॅटरी तुमच्या छाटणीच्या कात्रीच्या बॅटरीशी जुळत असेल तर उत्तम, घेण्याआधी तपासा.

बांबू मात्र जिगसॉने छान कापला जातो. अट एवढीच, तो घट्ट धरलेला हवा. गोल वस्तू बेसखाली फिरते आणि पाते अडकून मोडते. दोन फळ्यांवर व्ही आकाराची खाच करून त्यात बांबू ठेवा आणि दोरीने किंवा क्लॅम्पने आवळा. कापायच्या जागी टेपचे दोन वेढे घाला, नाहीतर वरची साल लांबवर सोलत जाते. बारीक दाते, पेंड्युलम ०. बांबूत सिलिका असते, धार लवकर जाते. दोन पाती जास्तीची ठेवा.

वाडा_जुना
जुन्या वाड्यांचे सागवान उतरते, त्याच्या फळ्या घेऊन लोक शेल्फ करतात. त्यांच्यासाठी दोन ओळी. आत चौकटीचे जुने खिळे डोक्याशिवाय अडकलेले असतात, वरून दिसत नाहीत. कापायच्या रेघेवरून मजबूत लोहचुंबक दोऱ्याला बांधून फिरवा, जिथे ओढला जाईल तिथे खूण करा. खिळा काढताच येत नसेल तर लाकूड आणि धातू दोन्ही कापणारे बायमेटल पाते, टी-३४५-एक्सएफ. तुळईचा चार-पाच इंच जाडीचा तुकडा जिगसॉकडे आणूच नका. आखूड पात्याचे कापणारे दाते ७५ एमएमच्या आतच असतात आणि लांब पाते घातले तर वर गुण्या_ओळंबा ताईंनी सांगितल्याप्रमाणे खालून पळते. त्याला हातकरवत किंवा आरा मशीन.

गंगापूररोड
आणि स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा? सिंकसाठी?

अंबड_वर्कशॉप
नाही. तिथे डायमंड ब्लेड आणि पाणी, तेही फरशीवाल्या कारागिराकडून. मार्बल कटरची खरी जागा तीच.

नाशिकरोड_१२व्होल्ट
सगळे १८ म्हणताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. कमानी, खाचा, १२ एमएम प्लाय एवढेच काम असेल तर १२ व्होल्टची जिगसॉ हातात फार चांगली बसते. बॉशची १२ व्होल्टची जीएसटी १२व्ही-७० वजनाला दीड किलोच्या आसपास आहे, स्ट्रोक (पाते वर-खाली जाते ते अंतर) १८ एमएम. १८ व्होल्टची मशीन बॅटरीसकट अडीच किलोकडे जातात. वळण कापताना मनगट फिरवायचे असते, तिथे एक किलोचा फरक जाणवतो.

अंबड_वर्कशॉप
वजनाचा मुद्दा मान्य. हिशेब मात्र मांडून बघा. १२ व्होल्टच्या २ एएच बॅटरीत १०.८ गुणिले २, म्हणजे २१.६ वॅट-तास. १८ व्होल्टच्या २ एएचमध्ये ३६. जिगसॉ १८ एमएम प्लायमध्ये अडीचशे-तीनशे वॅट ओढते असे धरले तर ३६ वॅट-तास सात-आठ मिनिटे सलग काप देतात. धारदार भरड पात्याने एका फुटाला १२ ते १५ सेकंद धरा, तर तीस फुटांच्या आसपास. टी-१०१-बीने कमी, बोथट पात्याने निम्मेही नाही. मखरासाठी २१ वॅट-तास पुरतील. पण इंदिरानगरींकडे १८ची बॅटरी आणि चार्जर आधीच आहे, त्यांनी १२चा दुसरा संसार कशाला मांडायचा? ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी १२चा जरूर विचार करावा.

ब्रशलेसबद्दल: कार्बन ब्रश झिजतात हे खरे, पण वर्षात आठ-दहा वेळा वापरून ते अनेक वर्षे जातील. ब्रशलेसचा तुम्हाला होणारा फायदा म्हणजे त्याच बॅटरीत जास्त काप. किमतीत थोडाच फरक असेल तर घ्या. मोठा असेल तर तो पैसा दुसऱ्या बॅटरीला आणि चांगल्या पात्यांना द्या.

स्ट्रोकही बघा. १८ ते २० एमएम घरगुती कामाला पुरतो. २६ एमएमचे मशीन जाड लाकडात भुसा लवकर बाहेर फेकते आणि सगळे दाते कामाला लागतात, पाते कमी तापते. कमानी हेच मुख्य काम असेल तर त्याची गरज नाही.

पंचवटीकर
मग बॅटरी सांभाळायचे तरी सांगा, नाहीतर दोन वर्षांनी माझेच म्हणणे खरे ठरायचे.

अंबड_वर्कशॉप
काका, रास्त आहे. बॅटरी मशीनमधून काढून ठेवायची, निम्म्याच्या आसपास चार्ज असताना. पूर्ण भरून महिनोन्‌महिने ठेवली की लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवली तर इतकी उतरते की चार्जर तिला ओळखतच नाही. दोन-तीन महिन्यांनी बॅटरीवरचे चार्जचे दिवे बघा, एकच उरला असेल तर थोडी भरा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत नको, उष्णतेने तिचे सर्वांत जास्त नुकसान होते. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. निफाडकडच्या मंडळींनी थंडीत पहाटे बाहेर राहिलेली बॅटरीही लगेच चार्ज करू नये. शून्याच्या जवळ चार्जिंग केले तर सेल कायमचे बिघडतात. आधी घरात येऊ द्या.

गुण्या_ओळंबा
मूळ प्रश्नाकडे परत येते. इंदिरानगरी, बॅटरी जुळणारी दोन-तीन मॉडेल समोर असतील तर दुकानात काय बघायचे ते सांगते. दहा मिनिटे लागतात. सोबत छोटा गुण्या (काटकोन तपासायचे साधन) आणि स्वतःचे एक टी-१०१-बी न्या.

आधी बॅटरी काढून पाते बसवा. हत्यार न लागता, खटक्याने बसले आणि सुटले पाहिजे. बसल्यावर पाते धरून खाली ओढा, निसटता कामा नये. मग पाते डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित लवचीकता चालेल, पण वरचा दांडाच खुळखुळत असेल तर ते मशीन नको. मागची चाकी पात्याच्या पाठीला टेकली पाहिजे, चाकीच्या खोबणीत पाते बसले पाहिजे. फट असेल तर पात्याला एकमेव जो टेकू आहे तोही गेला.

बेस काचेच्या काउंटरवर ठेवा. डगमगला तर पत्रा वाकडा आहे. दाबून बनवलेल्या पातळ पत्र्यापेक्षा ओतीव ॲल्युमिनियमचा बेस चांगला. गुण्या बेसवर ठेवून पात्याला लावा, शून्य अंशावर उजेड दिसू नये. बेस तिरका करायचा स्क्रू सोडून पुन्हा आवळा आणि परत तपासा. स्वस्त मशीनमध्ये हा स्क्रू थरथरीने ढिला होतो, त्यामुळे ऐन कापात काटकोन बिघडतो. ज्या मशीनला ० वर ठाम अडकणारी खाच आहे ते निवडा.

शेवटी बॅटरी लावून सर्वांत कमी गतीवर चालवा. ट्रिगर हळू दाबल्यावर हळूच सुरू होते का, की एकदम झटका देते? धातू आणि ॲक्रिलिकला कमी गती मिळालीच पाहिजे. ॲक्रिलिक आणि पीव्हीसी जास्त गतीने वितळतात आणि पात्यामागे पुन्हा चिकटतात, काप केल्यासारखा दिसतो पण तुकडे वेगळे होत नाहीत. एलईडी दिवा आणि भुसा उडवणारी हवा रेघ दिसण्यासाठी उपयोगाची, पण त्यावरून मशीन निवडू नका.

नाशिकरोड_१२व्होल्ट
यात भर. मुठीचे दोन प्रकार असतात. वरून धरायची डी आकाराची मूठ आणि मशीनचे अंगच धरायचे ती बॅरल ग्रिप. बॅरलमध्ये हात लाकडाच्या जवळ असतो, वळणावर ताबा चांगला. पण हात लहान असेल तर अंग जाड वाटते. दोन्ही हातात धरून बघा. आणि दुरुस्तीची सोय शहरात आहे का, की मशीन मुंबई-पुण्याला पाठवावे लागते, हे बिल करण्याआधी विचारा.

इंदिरानगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरले ते असे: ड्रिलच्याच बॅटरीची १८ व्होल्टची जिगसॉ, नुसते मशीन. पेंड्युलमचा खटका आणि ० वर अडकणारा बेस हवाच. ब्रशलेस परवडले तर. वाचलेल्या पैशांत ४ एएचची दुसरी बॅटरी आणि टी-१०१-बी, टी-१०१-एओ, टी-१०१-बीआर यांचे एकेक पाकीट, ॲल्युमिनियमला टी-१२७-डी. सरळ काप दुकानातून. शनिवारी बॅटरी आणि गुण्या घेऊन जातो. घरी आणल्यावर पहिल्यांदा काय करू?

मखर_मंडप
दोन सी-क्लॅम्प विसरलात. क्लॅम्प नसतील तर एक हात मशीनवर आणि एक लाकडावर राहतो, आणि लाकडावरचा हात नकळत रेघेच्या खाली जातो.

गुण्या_ओळंबा
पहिले काम टाकाऊ १८ एमएमच्या तुकड्यावर. कडेतून इंचभर आत कापा, मशीन बंद करा, पाते पूर्ण थांबल्यावरच बाहेर काढा. आता तुकडा तसाच ठेवून मशीन उलट दिशेने आणा आणि पात्याची पाठ त्याच फटीत सरकवा. सहज गेली तर बेस काटकोनात आहे. अडकली किंवा तिरकी बसली तर जेवढे तिरके दिसते त्याच्या निम्म्याने बेस सरकवा, पुन्हा कापून बघा. हा प्रयोग गुण्यापेक्षाही बारीक चूक पकडतो.

नंतर बेसच्या डाव्या कडेपासून पात्यापर्यंतचे अंतर मोजून मशीनवर टेपने लिहून ठेवा. सरळ पट्टी क्लॅम्प करताना रेघेपासून तेवढ्या अंतरावर लावायची, प्रत्येक वेळी मोजावे लागत नाही. मागच्या चाकीला अधूनमधून तेलाचा एकच थेंब. पाते बदलताना बॅटरी बाहेर. आणि नुकतेच चाललेले पाते बोटांनी धरू नका, खटका दाबून खालीच पडू द्या, चांगलेच भाजते.

पंचवटीकर
आणि खाली बघा. पाते प्लायच्या खाली दोन-तीन इंच उतरते, टेबल किंवा स्टूल रेघेखाली नको. ४ एएचची बॅटरी घेताना तीही मशीनला लावून बघा, काही छोट्या मशीनला मोठी बॅटरी लावली की मागून जड होतात आणि बेस पुढून उचलला जातो.

इंदिरानगरी
नोंद केली काका. दोन्ही बॅटऱ्या लावून बघेन, आणि क्लॅम्प चार घेतो.